शेवटच्या शब्दाच्या आधी

काजल दुर्गेशच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायला जाणार हे कळलं, त्या दिवसापासून तिच्या आईने तिच्याशी बोलणं टाकलं. शोभाबाई ताट वाढायची, पण ते ठेवताना भिंतीकडे बघायची. सेलूतल्या त्यांच्या गल्लीत कुणालाही आईचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पोरीचं. ज्याने बापाची टवाळी करून नाव कमावलं, त्याच्याच मागे बसून ही वाजवणार?

बाप म्हणजे अण्णाजी. जुन्या हिंदी सिनेमात लट्टू, म्हणजे भोवरा, अशा नावाचा एक विनोदी नट होता. अंगापेक्षा मोठा कोट आणि चाल अशी, की थांबायला आलेला भोवरा जसा झोकांड्या खातो तशी. नायक गात असायचा, नायिका लाजत असायची, आणि लोक मात्र लट्टू कधी येतो याची वाट बघत बसायचे. उतारवयात त्याला एकदाचा मोठा पुरस्कार मिळाला. स्टेजवर त्याने पुरस्काराची ती धातूची बाहुली कानाला लावली, बराच वेळ ऐकल्यासारखं केलं, मान डोलावली आणि माइकमध्ये म्हणाला, "कह रही है, बहुत देर कर दी." एवढंच बोलून तो खाली उतरला.

तो कोट, ती चाल आणि ती बाहुली घेऊन अण्णाजी आयुष्यभर वर्धा जिल्हाभर हिंडले. सिंदी, पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, जिथे गणपती बसेल आणि जिथे लग्नाचा मांडव पडेल तिथे. लोक त्यांना सेलूचा लट्टू म्हणायचे. त्यांना एकच गोष्ट हवी होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. वर्ध्याच्या एका हौशी मंडळाकडून दरवर्षी लट्टूच्या नावाने हास्यस्पर्धा होते. पहिल्याला सागवानी पाटावर बसवलेला तांब्याचा भोवरा मिळतो. अण्णाजी जवळजवळ दरवर्षी उभे राहिले, दरवर्षी सभागृह डोक्यावर घेतलं, आणि भोवरा दरवर्षी दुसऱ्याच्या घरी गेला. "या साली आपलाच," असं ते दिवाळीपासून म्हणायला लागायचे. मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातून वस्तरा गळाला. उजवं अंग गेलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि शब्द जिभेवरच विरघळायला लागले.

दुर्गेश त्यांचा चेला. आजारपणात तो सारखा यायचा. पपई आणायचा, खाटेच्या कडेला बसायचा, अण्णाजींचा हात हातात घ्यायचा. "बोला ना अण्णाजी, काय पाह्यजे तुमाले?" असं म्हणून त्यांना बोलतं करायचा. अण्णाजींना 'शोभा' म्हणता यायचं नाही, 'ओबा' निघायचं. चहा सांडला की ओबा, कूस बदलायची की ओबा, भीती वाटली की ओबा. दुर्गेश मान तिरकी करून ऐकायचा. शोभाबाई शेजारणीला म्हणायची, "पोटचा पोरगाबी एवढं करत नाई."

पुढे सिंदीच्या एका कार्यक्रमात दुर्गेशने नवा आयटम आणला, लकवा मास्तर. अर्धं तोंड वाकडं, एक हात लोंबता, आणि प्रत्येक अडचणीत एकच हाक, "ओबा! ए ओबा!" लोक खुर्च्यांवरून घसरले. त्याची क्लिप महिनाभर सगळ्यांच्या फोनवर फिरली. काजलने ती पहिल्यांदा बघितली ती सेलूच्या बसस्टँडवर, अनोळखी माणसाच्या फोनमध्ये, त्याच्या खांद्यावरून. तो माणूस हसताना डोळे पुसत होता. दोन दिवसांनी गल्लीतली पोरं शोभाबाईच्या मागे "ओबाबाई, ओबाबाई" करत धावली.

काजल दुर्गेशकडे भांडायला गेली होती. तो शांतपणे म्हणाला, "अवं, तुह्या बापानंच शिकवलं मले. लट्टू करायचा तं आधी माणूस पाहा, म्हणे. म्या पाह्यला. कलाकार आहो ना मी."

ती तशीच परत आली. बोलण्याने त्याचं काही बिघडणार नव्हतं हे तिला तिथेच कळलं.

ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ढोल, ती शाळेत असल्यापासून वाजवत होती. अण्णाजींच्या मागे बसायची. गाण्याला ठेका धरणं हा त्या कामाचा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे विनोदाला पंच देणं. विनोदाचा शेवटचा शब्द पडला की मागून 'ढब-टिश' असा ठोका द्यायचा, आणि त्या ठोक्यावर सभागृह फुटतं. आपण विनोदाला हसतो असं प्रेक्षकांना वाटतं. खरं तर शेवटचा शब्द ऐकून त्यांनी श्वास आत ओढलेला असतो आणि तो बाहेर सोडायला कुणीतरी इशारा द्यायचा असतो. तो इशारा मागे अंधारात बसलेल्याच्या हातात असतो. ठोका चुकला तर काय होतं, हे मात्र तिने कधी तपासून पाहिलं नव्हतं.

ते अण्णाजींनी दाखवलं. एका दुपारी दोघं टीव्हीवर लट्टूचा सिनेमा बघत होते. अण्णाजींच्या पुढ्यात स्टीलचं ताट होतं, डाव्या हातात चमचा. पडद्यावर लट्टू जज्जसमोर उभा होता, काजलला ते सगळं तोंडपाठ होतं आणि तरीही तिला हसू येणारच होतं. लट्टूच्या ओठांवर शेवटचा शब्द आला, आणि तो कानावर पडायच्या आत अण्णाजींनी चमचा ताटावर आपटला. ठण्ण.

तिचं हसू घशातच मेलं.

पुढच्या विनोदालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. उशिरा मारलेला ठोका ऐकणारा माफ करतो, मारलाच नाही तरी थोडं हसतो. पण लवमात्र आधी मारला तर शेवटचा शब्द त्याच्याखाली चिरडतो. विनोद होता तिथे नुसता आवाज उरतो. अण्णाजींनी चमचा खाली ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. तोंडाची डावी बाजू हसत होती. उजवी हसू शकत नव्हती.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "दुर्गेशच्या ध्यानात येईन ना पण."

अण्णाजींनी डाव्या हाताची बोटं स्वतःच्या कवटीवर वाजवली. तिला समजायला थोडा वेळ लागला. माणूस आपला आवाज कानांनी ऐकतो तेवढाच हाडांतून ऐकतो. बोलणाऱ्याच्या डोक्यात त्याचा शब्द पूर्ण वाजतो, बाहेर कितीही ठोका पडला तरी. दुर्गेशला शब्द ऐकू येईल, लोकांना येणार नाही. तो म्हणेल, मी तर बरोबर बोललो, मग हसत काऊन नाई हे?

योगायोगाने त्याच सुमारास दुर्गेशचा वादक नागपूरला निघून गेला होता. काजलने फोन केला. दुर्गेशला आनंदच झाला. "घरचीच पोरगी," तो सगळ्यांना सांगत सुटला. "मास्तरची पोरगी माह्या मागं वाजवून राह्यली, याच्याहून मोठा आशीर्वाद कोनता?"

सबंध हंगाम ती वाजवत राहिली. एकही पंच इकडचा तिकडे नाही. लकवा मास्तरलाही. तो हात लोंबता सोडून "ओबा" म्हणायचा आणि ती बरोबर जागेवर ठोका द्यायची, लोक फुटायचे. ठोका देताना ती त्याच्या पाठीकडे बघायची, कोटाच्या शिवणीकडे. बोरगाव मेघेतल्या एका सोसायटीच्या कार्यक्रमात मात्र तिने एकदा करून पाहिलं. एकच विनोद, तोही हमखास चालणारा. दुर्गेश म्हणाला, "डॉक्टरनं विचारलं, बायको झोपेत बडबडते काय? म्या म्हटलं, डॉक्टरसाहेब, थे झोपते कवा?" काजलचा ठोका 'कवा'वर पडला. लोकांपर्यंत पोचलं ते एवढंच, की ती झोपते. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "झोपते तं झोपू दे ना, काय झालं?"

दुर्गेशने कार्यक्रमानंतर साउंडवाल्याला झापलं. "माइक खराब हाय बे तुहा!" काजलकडे त्याने वळूनही बघितलं नाही. त्यानंतर तिने पुन्हा तसं केलं नाही. लट्टूच्या स्पर्धेला वेळ होता.

त्या वर्षी भोवरा दुर्गेशलाच मिळणार हे सगळे धरून चालले होते. क्लिपने त्याला घराघरांत नेलं होतं. एका वाहिनीची माणसंही येणार होती. स्पर्धेच्या आधी तो मुद्दाम सेलूला आला, अण्णाजींच्या पायाशी बसला.

"तुमी यायचंच, अण्णाजी. पहिल्या रांगेत. भोवरा भेटला की तुमच्या मांडीवर आणून ठेवतो."

शोभाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आन तो आयटम?" तिने विचारलं.

"नाई करत ना काकू. यांच्या समोर करन काय मी? आईची शपथ."

रविवारी संध्याकाळी वर्ध्याचं ते सभागृह खच्चून भरलं. अण्णाजींची व्हीलचेअर पहिल्या रांगेच्या कडेला लावली होती. त्यांनी आपला जुना कोट घालून घ्यायचा हट्ट धरला होता, आणि शोभाबाईने उजवी बाही आधी चढवून तो घातला होता. ती शेजारी बसली, पदर घट्ट ओढून. आर्वीच्या एका बस कंडक्टरने प्रवाशांच्या बऱ्या नकला केल्या, हिंगणघाटच्या दोघा भावांनी लट्टूचं जुनं गाणं म्हटलं. मग दुर्गेशचं नाव पुकारलं.

तो लट्टूच्या चालीने आला. त्याने खाली उतरून अण्णाजींचे पाय धरले, माइकवर "हे माहे गुरू" म्हणाला. टाळ्या पडल्या. काजलने काठ्या उचलल्या.

पहिला विनोद तिने जगू दिला. लोक दणकून हसले. उंचावरून पडल्याशिवाय लागत नाही, म्हणून आधी त्याला वर चढू दिलं.

दुसऱ्याचा शेवटचा शब्द तिने चिरडला. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मागे कुणीतरी विचारलं, "काय म्हटलं त्यानं?" तिसऱ्याला थोडे हसले, सवयीने. चौथ्याला कुणीच नाही. डॉक्टरचा विनोद आला, थे झोपते, ढब-टिश, आणि सभागृहात खोकल्याचा आवाज आला. दुर्गेशने घाम पुसला. तो आता शेवटचा शब्द लवकर टाकायला बघत होता. काजलनेही ठोका तेवढाच अलीकडे आणला. मग तो शब्द लांबवायला लागला, तीही थांबली आणि ऐन वेळी पुढे झाली. इतकी वर्षं तिने अण्णाजींचा श्वास पाठीमागून वाचला होता, आणि दुर्गेश श्वास घ्यायला त्यांच्याकडूनच शिकला होता. त्याच्या खांद्यांवरून तिला सगळं आधी कळत होतं.

तो बाहुलीवर आला. कानाला लावली, ऐकली, मान डोलावली. "कह रही है, बहुत देर कर..." ढब-टिश.

वाहिनीच्या माणसाने खाली मान घालून फोन काढला. दुर्गेशने ते बघितलं. त्याची पाठ ताठरली. काजलला कळलं, आता हा काय करणार.

त्याने बाहुली खाली ठेवली. पहिल्या रांगेकडे बघायचं टाळलं. उजवा हात लोंबता सोडला आणि तोंड वाकडं केलं.

"ओबा!" तो ओरडला. "ए ओबा!"

शोभाबाई जागची उठली आणि पुन्हा बसली. जायला वाट नव्हती, एकीकडे अण्णाजींची खुर्ची, दुसरीकडे माणसं होती. लोक हसले. दोन-तीन रांगा क्लिप पाहिलेली मंडळी होती, ती आधीच हसायला टेकली होती. दुर्गेशच्या खांद्यात जीव आला. त्याने दुसरा विनोद सुरू केला, चहा सांडल्याचा, जो त्यांच्याच घरात सांडला होता.

हा आयटम कसा मारायचा हे काजलने कितीतरी दिवस मनात घोळवलं होतं. पण हात उचलेनात. डोळ्यांसमोर आईचा पदर होता. तिने काठ्या मांडीवर ठेवून दिल्या.

आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून हसू आलं.

अण्णाजींचं हसू आता सरळ येत नसे. ते घशातून घासत यायचं, मध्ये अडायचं आणि बाजूने फुटायचं. दुर्गेशने तेही उचललं होतं, त्यामुळे सभागृहाला ते ओळखीचं होतं. पण ते स्टेजवरून आलं नव्हतं. लोकांनी माना वळवल्या. मोठ्या कोटातला एक म्हातारा व्हीलचेअरमध्ये बसला होता, एक हात मांडीवर लोंबता, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि तो हसत होता. दुर्गेशचा शेवटचा शब्द पडायच्या लवमात्र आधी.

दुर्गेशने पुढची ओळ घेतली. पुन्हा ते हसू आलं, शेवटच्या शब्दावर बरोबर बसलं आणि त्याला खाली दाबून गेलं. तिसऱ्या खेपेला मागची माणसं उभी राहून बघायला लागली. एकदा स्टेजकडे, एकदा खुर्चीकडे.

"अरे, हे तं..." कुणीतरी म्हणालं. "हा त्याच माणसाची नक्कल करून राह्यला?"

"गुरू म्हने ना मघाशी?"

"थू!"

एक बाई पोराला ओढत बाहेर गेली. दुर्गेश वाकड्या तोंडाने उभा होता. ते सरळ करायचं की तसंच ठेवायचं हे त्याला सुचेना. अण्णाजी आता हसायचे थांबले होते. ते एखाद्या नवख्याचा प्रयोग बघावा तसे निवांत त्याच्याकडे बघत होते.

भोवरा आर्वीच्या कंडक्टरला मिळाला.

काजल मागच्या खोलीत वायरी गुंडाळत होती. दुर्गेश एका स्पीकरच्या खोक्यावर बसला होता. कोट काढून मांडीवर घेतलेला. बराच वेळ तो स्वतःशीच ओठ हलवत होता. मग त्याने विचारलं,

"काजल, इकडं ये वं. तू मागून ऐकून राह्यली होती. खरं सांग. थो शेवटचा आयटम सोड, त्याच्या आधीचं म्हनतो मी. माह्यं टायमिंग गेलं काय?"

एक वाक्य तिने हंगामभर तयार ठेवलं होतं. ओबाची पोरगी आहो मी, दुर्गेशभाऊ. ते म्हणायचं, आणि त्याचा चेहरा बघायचा, यासाठीच तर ती इतके महिने त्या पाठीमागे बसली होती. वाक्य जिभेवर आलंही. पण कॉलेजात बीएस्सी करताना प्रयोगशाळेत शिकलेली एक साधी गोष्ट तिला आठवली. बिघाड यंत्राच्या सुट्या भागात असेल तर भाग बदलतात आणि यंत्र पुन्हा चालू होतं. ठोके आपणच आधी मारले असं तिने सांगितलं, तर तो शिव्या देईल, कदाचित हातही उगारेल, आणि आठवड्याभरात नवा वादक बसवून पुन्हा लोकांना हसवायला लागेल. बिघाड आपल्या आतच आहे असं ज्याला वाटतं, तो काय बदलणार?

बदला घेतल्याचं सुख घ्यायचं, की बदला पूर्ण करायचा? दोन्ही मिळणार नव्हतं.

तिने वाक्य गिळलं.

"हो, भाऊ," ती वायर गुंडाळत म्हणाली. "लय दिवसांपासून जाऊन राह्यलं. मले वाटलं तुमाले मालूम असन."

त्याने मान हलवली. हळूहळू, बाहुलीचं बोलणं ऐकल्यासारखी. त्याची पापणी एकदा लवली आणि तो कोटाच्या बटणाकडे बघत राहिला. काजलला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. पण वाईटही वाटलं नाही, आणि तिने तेवढ्यावर समाधान मानलं.

"पुढच्या प्रोग्रामले येशीन ना?" त्याने विचारलं.

"येईन ना," ती म्हणाली. "घरचीच आहो."

सभागृहाच्या मागच्या अंगाला ऑटो उभा होता. ऑटोवाल्याने आणि शोभाबाईने मिळून अण्णाजींना आत बसवलं होतं, खुर्ची मागे बांधली होती. काजल आली तशी शोभाबाई सरकली. किती महिन्यांनी तिने पोरीच्या तोंडाकडे बघितलं.

"भूक लागली असन," ती म्हणाली. "पोळी हाय पिशवीत."

अण्णाजींनी डाव्या हाताने काजलचं मनगट धरलं. "आंगिलं?" त्यांनी विचारलं.

"नाई सांगितलं, अण्णा."

ते विचारात पडले. मग त्यांचा डावा डोळा बारीक झाला, आणि त्यांनी तिचं मनगट दाबलं.

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. तिथून दुर्गेशचा आवाज आला. रिकाम्या खोलीत तो एकटाच बोलत होता. "डॉक्टरनं विचारलं, बायको झोपेत बडबडते काय? म्या म्हटलं, डॉक्टरसाहेब, थे झोपते कवा?" मागे ठोका नव्हता. शेवटचा शब्द स्वच्छ, पूर्ण, बरोबर जागेवर पडला.

ऑटोवाल्याने हा विनोद कधी ऐकला नसावा. त्याने हँडलवरचा हात काढला, छाती भरून श्वास घेतला, आणि त्याचं तोंड हसायला उघडलं.

"गाडी सुरू करा, भाऊ," काजल घाईने म्हणाली. "लवकर!"

तो दचकला आणि त्याने खटका ओढला. इंजिन फटफटत सुरू झालं, आणि त्या आवाजाखाली त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. वळणावर काजलने मागे बघितलं. दार अजून उघडं होतं. दुर्गेशने तोच विनोद पुन्हा सुरू केला होता, या वेळी जरा सावकाश.